"भाऊ, ५ नंबर येऊन राहिला" : सी प्रोग्राममधल्या एररच्या आकड्यांना माणसाला कळतील असे शब्द कसे द्यावेत?

काट्यावरचा | ११ डिसेंबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी.

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवर गाड्यांच्या मोठ्या काट्याचा प्रोग्राम मी सांभाळतो. सी मध्ये लिहिलेला आहे, लिनक्सवर चालतो. काट्याच्या इंडिकेटरपासून सिरियल वायर येते आणि यूएसबी कन्व्हर्टरमधून कॉम्प्युटरला लागते. प्रोग्राम एक अक्षर पाठवतो, इंडिकेटर वजन परत पाठवतो, काटापट्टी निघते. काम एवढंच. मोबाईलवरून लिहितोय म्हणून फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो.

सोमवारी रात्री साडेआठला मापाऱ्याचा फोन आला. "भाऊ, काटा बंद पडला. ५ नंबर येऊन राहिला." मी वर्ध्याला होतो. त्याच्या मॉनिटरमागे भिंतीवर वहीचा पुठ्ठा चिकटवलेला आहे, त्यावर आकड्यांची यादी. त्याने वाचून दाखवलं, "५ म्हणजे परवानगी नाही." म्हणून मी त्याला दुसऱ्या लॉगिनने चालू करायला लावलं. जमलं नाही. मशीन बंद-चालू करायला लावली. मग म्हणाला, "आता २ नंबर आला." पुठ्ठ्यावर २ म्हणजे फाईल सापडली नाही. झालं, त्याला पावत्यांचं फोल्डर शोधायला बसवलं. पावत्या सगळ्या जागेवर होत्या.

पावणेअकराला रांगेतल्या एका कास्तकारानेच टेबलाखाली वाकून पाहिलं. सरकीचं पोतं सरकवताना धक्का लागून कन्व्हर्टर निसटला होता आणि वायरीला लोंबकळत होता. तोवर गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि बंड्या. एका बाबांनी बैल सोडून चाकाला बांधले होते आणि कापसाच्या ढिगावर घोंगडी घेऊन बसून होते. दोन तास. कडाक्याच्या थंडीत.

दुसऱ्या दिवशी कळलं की तो पुठ्ठा विंडोजच्या काळातला आहे. आम्ही लिनक्सवर आलो, पुठ्ठा तसाच राहिला. विंडोजच्या गेटलास्टएररमध्ये (तिथून चुकीचा आकडा मिळतो) ५ म्हणजे ॲक्सेस डिनाइड, परवानगी नाही. लिनक्सच्या एररनोमध्ये (इथली चुकीच्या आकड्याची जागा) ५ म्हणजे इनपुट-आउटपुट एरर, उपकरणाशी देवाणघेवाण फसली. २ मात्र दोन्हीकडे एकच, आणि तरी आम्ही फसलो, कारण कुठली फाईल हे पडद्यावर कुठेच नव्हतं. प्रोग्राम काट्याचा पोर्ट शोधत होता, आम्ही पावत्या शोधत बसलो.

मला हे नीट करायचं आहे. पुढच्या वेळी मापाऱ्याला पडद्यावर वाचूनच कळलं पाहिजे. नेमकं कसं करावं?


वर्धाकाठ | ११ डिसेंबर, रात्री ११.०५

दादा, त्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. आधी पाया सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सी मध्ये एखादं फंक्शन फसलं की ते तसं कळवतं (ओपन उणे एक देतं, एफओपन नल देतं) आणि कारणाचा आकडा एररनोमध्ये ठेवतं. त्या आकड्याचं वाक्य करून देतं ते स्ट्रएरर, ते स्ट्रिंग डॉट एच मध्ये. पीएरर हे एसटीडीआयओ डॉट एच मध्ये, ते तुम्ही दिलेला मजकूर, मग कोलन (:) आणि मग तेच वाक्य स्टँडर्ड एररवर छापतं. ५ टाकलं तर "इनपुट आउटपुट एरर", १३ टाकलं तर "परमिशन डिनाइड".

आता मुद्द्याचं. आकडा कधीही पाठ करू नका आणि भिंतीवर लावू नका. सी च्या प्रमाणित व्याख्येत चुकांची फक्त ३ नावं आहेत: ईडॉम, ईरेंज आणि ईआयएलएसईक्यू. बाकीची बहुतेक नावं पॉसिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टिमचं सामायिक प्रमाण) ठरवली, आणि आकडे प्रत्येक सिस्टिमने आपापले दिले. नेहमीच्या लिनक्सवर ईअगेन (आत्ता काही नाही, परत बघा) ११ आहे, मॅकवर ३५. लिनक्सवर ३५ म्हणजे डेडलॉक. कनेक्शन टाइम आउट लिनक्सवर ११०, मॅकवर ६०, आणि मिप्स चिपवरच्या लिनक्सवर १४५. म्हणून कोडमध्ये तुलना नावाशी करायची आणि पडद्यावर स्ट्रएररचं वाक्य द्यायचं. विंडोजचे आकडे तर वेगळ्याच घरचे, त्यांना फॉरमॅटमेसेज लागतं, ते स्ट्रएररला दिले तर ते बिनधास्त चुकीचं वाक्य काढून देईल.


तूरवावर | १२ डिसेंबर, सकाळी ६.५०

भाऊ, वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबरच हाये. पण एक गोष्ट पहिले गाठीले बांध. फंक्शन फसलं रे फसलं की एररनो आपल्या खिशात टाकाचा. इंट ई बरोबर एररनो. मंग बाकी सगळं.

काहून, तर एररनो म्हणजे गावची एकच पाटी हाये. जो येते तो त्याच्यावर लिहून जाते. माह्या मोटरपंपाच्या कंट्रोलरमधी पोर्ट उघडत नव्हता. म्या काय केलं, पहिले लॉग लिहिणारं फंक्शन बोलावलं आन् मंग स्ट्रएरर. लॉगचं फोल्डरच बनवलं नव्हतं, त्याच्यानं लॉगचं एफओपन फसलं आन् पाटीवर २ लिहून गेलं. खरं कारण १६ होतं, पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामनं धरून ठेवला होता. चार दिवस "नो सच फाईल" पायत बसलो.

आन् दुसरं, यश आलं म्हणून पाटी कोणी पुसत नाई. लायब्ररीचं कोणतंच फंक्शन एररनो शून्य करत नाई. म्हणून पहिले फंक्शननं काय परत देलं ते पाहाचं, फसलं असंन तरच पाटी वाचाची. उलटं केलं तं जुनं लिहिलेलं वाचून माणूस भलतीकडं जाते.


काट्यावरचा | १२ डिसेंबर, दुपारी २.१५

दोघांचेही आभार. सकाळीच बसून केलं. प्रत्येक ठिकाणी आधी आकडा बाजूला ठेवला, मग स्ट्रएरर. राईट फसलं तर आता येतं: "काट्याला लिहिता आलं नाही: इनपुट आउटपुट एरर". छान.

पण एक विचित्र दिसतंय. काट्याचा प्रोग्राम चालू ठेवून मुद्दाम कन्व्हर्टर काढला, आणि पडद्यावर आलं:

"वजन वाचता आलं नाही: सक्सेस"

मापारी माझ्याकडे पाहत राहिला. हे कुठून आलं?


वर्धाकाठ | १२ डिसेंबर, दुपारी २.४०

रीडने काय परत दिलं ते छापून पाहा. मला वाटतं शून्य असेल.


काट्यावरचा | १२ डिसेंबर, दुपारी ३.०५

हो, शून्य.


वर्धाकाठ | १२ डिसेंबर, दुपारी ३.३०

मग तेच. यूएसबी कन्व्हर्टर निघाला की लिनक्स तो पोर्ट तुटला असं धरतं. त्यानंतर राईट केलं तर उणे एक आणि ईआयओ (तोच ५ नंबर) मिळतं, पण रीड केलं तर शून्य मिळतं. शून्य म्हणजे "संपलं, पुढे काही नाही". ती चूक धरलीच जात नाही, म्हणून एररनोला कोणी हात लावत नाही. तुमच्या कोडमध्ये "शून्य किंवा कमी आलं तर स्ट्रएरर" असं असणार. एररनोमध्ये तेव्हा शून्य होतं आणि ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची सी लायब्ररी) शून्याचं वाक्य "सक्सेस" आहे.

म्हणजे तीन वाटा वेगळ्या करा. उणे एक आलं तर स्ट्रएरर. शून्य आलं तर तुमचं स्वतःचं वाक्य: वायर निघाली. आणि आकडे आले पण त्यांचं वजन होईना (अर्धवट ओळ, कचरा अक्षरं), तर त्यालाही स्वतःचं वाक्य, कारण तिथेही सिस्टिमच्या मते सगळं ठीकच झालेलं असतं. बिघाड तुमच्या मजकुरात आहे, हे सिस्टिमला कसं कळणार?

वजन आकड्यात बदलायला स्ट्रटोल वापरत असाल तर तिथे रीत उलटी आहे. बोलावण्याआधी एररनो स्वतः शून्य करायचा आणि नंतर ईरेंज (आकडा मावला नाही) आहे का पाहायचं, कारण स्ट्रटोल परत देतं तो आकडा खराही असू शकतो.

आणि तुमच्या त्या रात्रीचा २ नंबर. मशीन परत चालू झाल्यावर कन्व्हर्टर नव्हताच, म्हणून टीटीवाययूएसबी-शून्य ही पोर्टची फाईल नव्हती, म्हणून २. अजून एक सापळा पुढे आहे. जुना पोर्ट प्रोग्रामने बंद केला नाही आणि वायर परत लावली, तर नवं नाव टीटीवाययूएसबी-एक होऊ शकतं. मग वायर लागलेली दिसते आणि प्रोग्राम २ च ओरडतो. डेव्ह-सिरियल-बायआयडी या फोल्डरमधलं नाव वापरा, ते कन्व्हर्टरसोबत राहतं.


दुधाचीकेंद्रवाली | १२ डिसेंबर, रात्री ९.१०

आर्वी भागात आमचं दूध संकलन केंद्र आहे. प्रोग्राम माझ्या भावाने सी मध्ये लिहिला, रोजचं चालवणं माझ्याकडे आहे. इथलं वाचून माझा अनुभव सांगावासा वाटला, कारण आमच्याकडे तर आकडाही आला नव्हता.

प्रत्येक शेतकऱ्याचं दूध मोजलं की ओळ पेनड्राइव्हवरच्या फाईलमध्ये जाते. भावाने एफप्रिंटएफ बरोबर झालं का ते तपासलं होतं. एफक्लोज मात्र नुसतं लिहून सोडलं होतं. पेनड्राइव्ह भरला. एफप्रिंटएफ म्हणत राहिलं "लिहिलं", कारण ते आधी स्वतःच्या बफरमध्ये साठवतं. खरं लिहिणं होतं बफर भरल्यावर किंवा एफक्लोज करताना, आणि तिथे मिळालेली २८ नंबरची चूक, "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस", कोणी विचारलीच नाही. पाच दिवसांच्या संध्याकाळच्या नोंदी गेल्या. कागदी रजिस्टरवर सही घेत होते म्हणून हिशेब लागला. नाहीतर दहा घरच्या बायांच्या दुधाचे पैसे मी कशावरून दिले असते?

आता एफक्लोजचा निकाल पाहतो आणि फसलं तर मोठ्या अक्षरात: "नोंद जपली गेली नाही. पेनड्राइव्ह भरला आहे. रजिस्टरमध्ये लिहा."

दुसरं, वीज गेली-आली की कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड कधीकधी फक्त वाचण्यापुरतं उरतं. तेव्हा ३० येतो, रीड ओन्ली फाईल सिस्टिम. आमच्याकडे लाईट जाण्याचा नेम नाही, तर हा ३० ओळखीचा झाला आहे. याच्यासाठीही वाक्य ठेवा.


काट्यावरचा | १२ डिसेंबर, रात्री ९.४५

ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. आत्ता कोड उघडून पाहिला. माझ्याकडेही एफक्लोज उघडंच आहे. उद्या पहिलं काम तेच.


पॉलिटेक्निकचा बाक | १३ डिसेंबर, सकाळी ११.२०

मी मुलांना सी शिकवतो, म्हणून थोडं पुढचं लिहितो. काट्यावरचा, तुमच्या प्रोग्राममध्ये थ्रेड (एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं) आहेत का? एक काटा वाचतो आणि दुसरा पावती सर्व्हरला पाठवतो, असं?

असेल तर दोन गोष्टी. एररनो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो, त्याची काळजी नको. तूरवावर भाऊंची गावची पाटी प्रत्येक थ्रेडला आपापली मिळते. पण स्ट्रएरर ज्या जागेत वाक्य ठेवतं ती जागा पुढच्या हाकेला बदलू शकते, आणि प्रमाण व्याख्या ते थ्रेडमध्ये सुरक्षित असल्याची हमी देत नाही. नव्या ग्लिबसीत ते सुधारलं आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. त्यासाठी स्ट्रएरर-आर आहे. त्याला तुम्ही स्वतःची जागा देता.

आणि इथेच मुलं दरवर्षी अडकतात. स्ट्रएरर-आर दोन आहेत, नाव एकच. पॉसिक्सचं स्ट्रएरर-आर इंट परत देतं आणि वाक्य तुमच्या जागेत भरतं. ग्नूचं (ग्लिबसीचं स्वतःचं) स्ट्रएरर-आर वाक्याचा पत्ता परत देतं, आणि तुमच्या जागेला हात लावेलच असं नाही, कारण ओळखीच्या चुकांचं वाक्य त्याच्याकडे आधीच तयार असतं. कोडच्या वर ग्नू-सोर्स हे नाव डिफाइन केलं असेल तर दुसरं मिळतं. मग मुलं स्वतःची जागा छापतात आणि पडद्यावर रिकामं येतं किंवा कचरा येतो. परत आलेला पत्ता छापा, किंवा ग्नू-सोर्स काढून पॉसिक्सचं वापरा. कंपायलरच्या इशाऱ्यांकडे डोळेझाक करू नका. दोन्हींचे प्रकार वेगळे असल्याने तो बहुतेक वेळा कुरकुरतोच.

सर्व्हरकडे जाताना अजून दोन अपवाद. पीथ्रेडची फंक्शनं एररनोला हात लावत नाहीत, आकडा थेट परत देतात. तोच स्ट्रएररला द्यायचा. आणि सर्व्हरचं नाव शोधणारं गेटअॅडरइन्फो स्वतःचे वेगळे आकडे देतं. त्याला गाय-स्ट्रएरर लागतं. तो आकडा साध्या स्ट्रएररला दिला तर वाक्य निरर्थक येईल. फक्त त्याने ईएआय-सिस्टिम दिलं, तरच खरं कारण एररनोत असतं.


काट्यावरचा | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

सर, हो, दोन थ्रेड आहेत, आणि ग्नू-सोर्स आहे. म्हणूनच सर्व्हरच्या लॉगमध्ये कोलनपुढे काहीच येत नव्हतं. महिनाभर वाटत होतं लॉगच बिघडलाय. परत आलेला पत्ता छापला आणि लगेच "कनेक्शन रिफ्यूज्ड" दिसलं.

आता खरा प्रश्न. ही सगळी वाक्यं इंग्रजीत आहेत. मापाऱ्याला मराठी हवं. सेटलोकेल करून (प्रोग्रामची भाषा बदलून) भागेल का?


पॉलिटेक्निकचा बाक | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६.३५

सेटलोकेल केलं आणि त्या भाषेचा अनुवाद मशीनवर असला, तर स्ट्रएरर त्या भाषेत बोलतं. पण अनुवाद कितीही चांगला असला तरी तो "डिव्हाइस"चं "उपकरण" करेल. "काट्याची वायर" असं तो कधी म्हणणार नाही, कारण त्याला काटा माहीतच नाही. ते तुम्हालाच लिहावं लागेल.

कोडमध्ये एक स्विच लिहा (नाव पाहून वाक्य निवडणारा भाग), एररनोच्या नावांवर. त्यात फक्त तुमच्याकडे खरंच येतात त्या सात-आठ चुका घ्या, बाकीच्या सगळ्या स्ट्रएररकडे पाठवा. आणि मराठी वाक्याखाली बारीक अक्षरात मूळ नाव ठेवाच, म्हणजे फोनवर तुम्हाला नेमकं कळेल. ग्लिबसी २.३२ पासून, म्हणजे २०२० पासून, स्ट्रएररनेम-एनपी आहे. ते "ईआयओ" असं नावच काढून देतं. त्याच्या जोडीचं स्ट्रएररडेस्क-एनपी कधीच अनुवाद करत नाही, लॉगसाठी ते बरं.


काट्यावरचा | १४ डिसेंबर, दुपारी १.३०

काल रात्री स्विच लिहिला. आज सकाळी काट्यावर बसून मापाऱ्याला एकेक वाक्य वाचून दाखवलं. त्याने काय सांगितलं ते लिहितो, कारण मला ते फार उपयोगी वाटलं.

मी लिहिलं होतं, "उपकरणाशी संपर्क तुटला." तो म्हणाला, "उपकरण कोणतं? प्रिंटर का काटा?" मग झालं, "काट्याची वायर निघाली." तरी तो म्हणाला, "वायर तर दोन हायेत, करंटची आन् ही निळी." शेवटी झालं, "काट्याची निळी वायर निघाली. टेबलाखाली पहा. परत लावा, मग एफ पाच दाबा."

१३ नंबरसाठी मी लिहिलं होतं, "परवानगी नाकारली." त्याचा चेहराच उतरला. "म्हणजे माह्यावर कोणी बंदी टाकली का?" खरं म्हणजे तो युजर डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेला गट) नसतो तेव्हा हे येतं, मापाऱ्याचा त्यात काडीचा संबंध नाही. आता तिथे आहे, "मशीनची सेटिंग बदलली आहे. तुमची चूक नाही. मला फोन करा."

आणि त्याने स्वतःहून एक मागितलं. प्रत्येक वाक्याखाली एक ओळ हवी, "हाताने काटापट्टी लिहिता येईल" किंवा "थांबा, वजन चुकीचं येऊ शकतं." कारण बाहेर रांगेतले लोक त्याला हेच विचारतात: थांबू का जाऊ? माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

आता पडद्यावर असं दिसतं:

काट्याची निळी वायर निघाली. टेबलाखाली पहा.
वायर लावून एफ पाच दाबा. तोवर वजन घेऊ नका.
(काट्याला लिहिताना, टीटीवाययूएसबी-शून्य, ईआयओ)


दुधाचीकेंद्रवाली | १४ डिसेंबर, दुपारी २.२०

"तुमची चूक नाही" हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे सकाळी मदतीला येणारी मुलगी एरर दिसला की कॉम्प्युटरपासून हात काढून घ्यायची. आजच हे वाक्य आमच्याकडेही घालते.


तूरवावर | १४ डिसेंबर, रात्री ८.१०

भाऊ, लय चांगलं झालं. अजून एक राह्यलं. ईइंटर, लिनक्सवर ४ नंबर. प्रोग्रामले मधात सिग्नल आला की रीड अर्ध्यातून परत येते आन् हे देते. हे कोणालेच दाखवू नको. खरी चूक नाई ते, लूपमधी परत रीड कर. आन् पोर्ट नॉनब्लॉक (वाट न पाहता लगेच परत येणारा) उघडला असंन तं ईअगेनचंही तसंच, वजन अजून आलं नाई एवढाच त्याचा अर्थ. मंग पोल (डेटा येईस्तोवर वाट पाहणारं फंक्शन) लावून थोडं थांबाचं. मापाऱ्याले दाखवाच्या यादीतून हे दोन्ही काढ.


काट्यावरचा | १४ डिसेंबर, रात्री ८.४०

४ माझ्या यादीत होता, "कामात अडथळा आला" असं लिहिलेलं. आत्ताच काढला आणि तिथे परत रीड घातलं. ईअगेन आमच्याकडे येत नाही, पोर्ट साधाच उघडतो, पण त्यालाही तीच वाट करून ठेवली.

भिंतीवरचा पुठ्ठा मापाऱ्याने आज संध्याकाळी काढला. तिथे आता माझा फोन नंबर आहे.